ग्लासगोच्या खिडकीतली जास्वंद: थंड मुलखात लाल जास्वंद जगवायची आणि फुलवायची कशी

माझी पहिली जास्वंद थंडीने नाही, पाण्याने गेली. ऑक्टोबरात तिची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मला वाटलं, तहानलेली असेल. चिपळूणजवळच्या आजोळी परड्यातल्या जास्वंदीला रोज सकाळी तांब्याभर पाणी मिळायचं. तीच सवय माझ्या हाताला होती. मी घालत राहिले. जानेवारीत कुंडी उलटी करून पाहिली तर मुळं तपकिरी, लिबलिबीत आणि मातीला कुबट वास. बाहेर बर्फ होतं, पण खोलीत १८ अंश ऊब होती. थंडी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

स्कॉटलंडमधलं ग्लासगो विषुववृत्तापासून जवळजवळ ५६ अंश उत्तरेला आहे, मुंबई १९ अंशांवर. डिसेंबरच्या शेवटी मुंबईत अकरा तासांचा दिवस असतो, इथे जेमतेम सात तासांचा, आणि तोही बहुतेक ढगाळ. हीटर लावून ऊब आणता येते. उजेड फार थोडा आणता येतो. उजेड कमी झाला की पानं अन्न कमी करतात, मुळं पाणी कमी ओढतात, आणि आपण मात्र जुलैच्याच हिशेबाने झारी रिकामी करत असतो. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एकाच गोष्टीवर उभं आहे: पाणी, खत आणि ऊब, तिन्ही उजेडाच्या मापाने द्यायची. माझ्या बैठकीच्या खिडकीत आज उभी असलेली जास्वंद या मापावर नऊ हिवाळे निघाली आहे. तारखा ग्लासगोच्या आहेत. लंडनच्या बाजूला उन्हाळा थोडा लवकर येतो, तिथे त्या दोनेक आठवडे अलीकडे घ्या.

रोप घेताना

गार्डन सेंटरमध्ये ‘हिबिस्कस’ अशी पाटी दिसली की लगेच उचलू नका. बाहेर, उघड्यावर मांडलेलं झाड असेल तर ते बहुधा हिबिस्कस सिरियाकस असतं. दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल ते. निळसर जांभळं, गुलाबी किंवा पांढरं. थंडीत पानं गाळतं आणि बर्फातही उभं राहतं. सुंदर झाड आहे, पण ती आपली जास्वंद नव्हे. आपली जास्वंद, हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, घरात ठेवायच्या झाडांच्या विभागात मिळते. पानावरून फरक लगेच कळतो: हिचं पान गडद हिरवं आणि तकतकीत, तर सिरियाकसचं लहान, फिकं, बऱ्याचदा तीन भागांत चिरल्यासारखं. लिनियसने १७५३ साली दिलेल्या या नावाचा अर्थ ‘चीनचा गुलाब’. गुलाबाशी तिचं नातं नाही, भेंडीशी आणि कापसाशी आहे.

पाच पाकळ्यांची एकेरी लाल जास्वंद घ्या, असा माझा आग्रह आहे. देवाला तीच लागते हे एक कारण. दुसरं असं की दुहेरी, भरगच्च पाकळ्यांच्या जातींच्या कळ्या गार हवेत उमलायच्या आधीच गळण्याचं प्रमाण जास्त असतं. पिवळ्या-केशरी जाती दिसायला मोहक असतात, पण पहिल्या झाडासाठी नकोत.

दुकानातलं रोप वीतभर उंच, गच्च आणि कळ्यांनी लगडलेलं असतं. त्याला बहुतेक वेळा वाढ रोखणारं द्रव्य दिलेलं असतं. कोकणातल्या हापूसच्या बागायतदारांना ‘कल्टार’ माहीत आहे. त्यातलं पॅक्लोब्युट्राझॉल आणि त्याच्या जातकुळीची इतर द्रव्यं कुंडीतली फुलझाडं ठेंगणी ठेवायला वापरतात. वर्षभरात त्याचा असर ओसरतो आणि झाड एकदम लांब फांद्या फेकायला लागतं. तेव्हा आपलं काही चुकलं असं समजू नका. झाड आपल्या मूळ स्वभावावर आलेलं असतं, आणि छाटणीची खरी गरज तिथून सुरू होते.

एक कळकळीची विनंती. भारतातून परतताना बॅगेत फांदी आणू नका. ब्रिटनमध्ये जिवंत रोप किंवा लावण्यासाठीची फांदी आणायची तर निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आईच्या अंगणातलीच फांदी हवी, ही ओढ मला कळते. पण तिच्याबरोबर आलेली एखादी कीड इथल्या शेतीचं आणि बागांचं नुकसान करू शकते. लाल जास्वंद इथेही मिळते.

कुंडी आणि माती

कुंडी आधीच्या कुंडीपेक्षा एकच माप मोठी, म्हणजे मुळांच्या गड्ड्याभोवती चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जागा राहील एवढीच. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत ती माती ओली राहते, आणि इथल्या हिवाळ्यात ओली राहिलेली माती म्हणजे कुजलेली मुळं. मला मातीची भाजकी कुंडी आवडते, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. ती जड असते, म्हणून खाली चाकांची फळी ठेवा. वर्षातून दोनदा झाड हलवायचंच आहे.

मातीचं माझं मिश्रण असं: दोन भाग साधं पीट (दलदलीतली कुजकी माती) नसलेलं कंपोस्ट, म्हणजे इथे पिशवीत मिळणारं कुंडीत भरायचं तयार मिश्रण, एक भाग जॉन इनेस नंबर ३, एक भाग पर्लाइट, म्हणजे पाणी निथरू देणारे हलके पांढरे खडे. जॉन इनेस हे कंपनीचं नाव नाही, १९३० च्या दशकात त्या नावाच्या बागकाम संशोधन संस्थेत बसवलेलं मिश्रण आहे, आणि ते अनेक कंपन्यांच्या पिशव्यांत मिळतं. त्यात खरी माती असते, त्यामुळे कुंडीला वजन येतं. नुसत्या कंपोस्टमध्ये लावलेलं झाड वाऱ्याने कोलमडतं. पर्लाइट वगळू नका.

जास्वंदीला किंचित आम्ल माती मानवते. ग्लासगोचं पाणी लॉख कॅट्रिन या तळ्यातून येतं आणि ते मऊ आहे, म्हणून नळाचं पाणी सरळ चालतं. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी चुनखडीचं, जड. तिथे वर्षा-दोन वर्षांत कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसायला लागतं. ही लोहाची उणीव आहे, पण लोह मातीत नसतं असं नाही, चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. पन्हाळीखाली पिंप ठेवून पावसाचं पाणी साठवा. तोवर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, मिळतं, ते पाकिटावरच्या प्रमाणात द्या.

मार्चअखेर: छाटणी

जास्वंदीचं फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून छाटणीला घाबरू नका. माझी तारीख मार्चचा शेवटचा आठवडा. तोवर दिवस बारा तासांच्या वर गेलेला असतो आणि फांद्यांवरचे डोळे (न फुटलेले कोंब) फुगायला लागलेले दिसतात. त्याआधी, फेब्रुवारीत कापलं तर कमी उजेडात फिकी, लांबट फूट येते.

आधी वाळलेल्या, आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. मग उरलेली प्रत्येक फांदी एक तृतीयांश कमी करा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, किंचित तिरका. कात्री स्पिरिटने पुसून घ्या. हिवाळ्यातून झाड फारच अशक्त निघालं असेल तर सगळ्या फांद्या एकदम कापू नका. अर्ध्या आज, उरलेल्या महिन्याभराने.

कुंडी बदलायची असेल तर एप्रिलमध्ये. दोन वर्षांतून एकदा पुरे. मधल्या वर्षी वरची दोन बोटं माती खरवडून काढा आणि नवी घाला. नवी फूट बोटभर झाली की खत सुरू करायचं: पहिले सहा आठवडे साधं समतोल द्रवखत, त्यानंतर टोमॅटोचं, कारण त्यात फुलांना लागणारं पोटॅश जास्त असतं. बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात, आठवड्यातून एकदा, आणि नेहमी ओल्या मातीत.

बाहेर काढायची की नाही

रात्रीचं तापमान सलग आठवडाभर १० अंशांच्या वर राहिलं की झाड बाहेर जाऊ शकतं. ग्लासगोत हे जूनच्या मध्याआधी क्वचितच होतं. मेमध्ये एखादा आठवडा छान ऊन पडतं आणि सगळं शहर बाहेर येतं, तेव्हा मोह होतो. आवरा. मेअखेरची एक गार रात्र महिन्याभराची फूट मागे नेते.

काचेआड वाढलेली पानं उघड्या उन्हाला सरावलेली नसतात, त्यांच्यावर पांढरे भाजल्याचे डाग पडतात. म्हणून पहिले तीन दिवस सावलीत दोन-दोन तास, पुढचे चार दिवस सकाळचं ऊन, मग पूर्ण दिवस, आणि शेवटी रात्र. दहा-बारा दिवस यात घालवा.

जागा दक्षिणेकडच्या भिंतीशी. इथल्या जुन्या इमारतींच्या लाल वालुकाश्माच्या भिंती दिवसभर तापतात आणि संध्याकाळी ती ऊब परत देतात. हाताने स्पर्श करून पाहा, सूर्य गेल्यावरही दगड कोमट असतो. वाऱ्याला मात्र आडोसा हवा. पश्चिमेकडून येणारा इथला वारा थंडीपेक्षा जास्त कळ्या तोडतो.

आता माझं प्रामाणिक मत सांगते. जुलैतही ग्लासगोचं दुपारचं सरासरी तापमान २० अंशांच्या आसपासच असतं. तुमच्याकडे दक्षिणेची मोठी खिडकी किंवा काचघर असेल तर झाड उन्हाळाभर तिथेच ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. बाहेरच्यापेक्षा जास्त फुलं येतील. मी दोन्ही करून पाहिलं आहे. बाहेर काढलेल्या वर्षी झाड जास्त मजबूत झालं, कीड कमी लागली, पण फुलं निम्म्यावर आली. खिडकी नसेल, उत्तरेचंच घर असेल, तर बाहेर काढण्याला पर्याय नाही.

गणपतीसाठी फुलं

गावाकडे भाद्रपदात जास्वंद शोधावी लागत नाही. इथे तिची तयारी जूनमध्ये करावी लागते.

फांदीचा शेंडा खुडला की खालच्या डोळ्यांतून दोन-तीन नव्या फांद्या निघतात, म्हणजे फुलांच्या जागा वाढतात. पण त्या फांद्यांवर कळी येऊन ती उमलायला इथल्या हवेत दहा ते बारा आठवडे लागतात. तेव्हा चतुर्थीपासून बारा आठवडे मागे मोजायचे, आणि त्यानंतर झाडाला कात्री लावायची नाही. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे शेवटची खुडणी २२ जूनच्या सुमारास. २०२७ मध्ये ती ४ सप्टेंबरला येते, तेव्हा १२ जूनला थांबायचं. सगळे शेंडे एकाच दिवशी खुडू नका. निम्मे या तारखेच्या दोन आठवडे आधी, निम्मे त्या तारखेला. मग अकरा दिवस रोज एखादं तरी फूल मिळण्याची शक्यता वाढते.

चतुर्थी सप्टेंबरच्या मध्यात असेल तर ऑगस्टअखेरच झाड आत घ्या. गार रात्रींत मोठ्या कळ्यासुद्धा तशाच मिटून राहतात आणि मग गळतात. ज्या कळीतून लाल टोक बाहेर डोकावतंय ती बहुधा दुसऱ्या दिवशी उमलते. आदल्या संध्याकाळी कुंडीजवळ जाऊन उद्याची फुलं मोजता येतात, आणि ते मोजणं मला पूजेचाच भाग वाटतं. सकाळी उमललेलं फूल देठासकट तोडून कोरड्या डब्यात, पाणी न घालता, फ्रिजमध्ये ठेवलं तर संध्याकाळच्या आरतीपर्यंत मिटत नाही. नोकरीमुळे ज्यांच्याकडे पूजा संध्याकाळी होते त्यांना याचा उपयोग होईल.

कळ्या गळतात तेव्हा

मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. कारणं अनेक, आणि ती या क्रमाने तपासावीत.

कळ्या धरल्यानंतर कुंडी हलवली किंवा फिरवली का? जास्वंद उजेडाच्या दिशेला जुळवून घेते. कळ्यांच्या दिवसांत तिला वळवू नका. कुंडीवर खडूने खूण करून ठेवा, म्हणजे पुसायला उचलली तरी त्याच तोंडाने परत ठेवता येईल. माती एकदा पूर्ण वाळून मग चिंब झाली का? उन्हाळ्यात हे फार होतं, शनिवार-रविवार घर बंद ठेवलं की. रात्री गार झुळूक येते का? खिडकीची फट तपासा.

आणि एक कारण सहसा लक्षात येत नाही: फळांची टोपली. पिकणारी केळी, सफरचंदं इथिलीन वायू सोडतात आणि जास्वंद त्याला फार संवेदनशील आहे. माझ्या एका मैत्रिणीची जास्वंद स्वयंपाकघरात फळांशेजारी उभी होती. महिनाभर तिने खतं बदलली, माती बदलली. टोपली दुसऱ्या खोलीत गेली आणि पुढच्या कळ्या टिकल्या.

सप्टेंबर ते मार्च

बाहेर असेल तर झाड सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आत, घरातले रेडिएटर सुरू होण्याआधी. बाहेरच्या दमट गारव्यातून थेट कोरड्या गरम खोलीत आलं की आठवड्यात निम्मी पानं खाली पडतात. रेडिएटर बंद असताना आणलं तर तिला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. तरी काही पानं पिवळी होऊन गळतीलच. गळणारी पानं जुनी, आतल्या बाजूची, खालची असतील तर काळजी नको.

आता जागेचा प्रश्न. ग्लासगोच्या जुन्या घरांत बे विंडो (भिंतीबाहेर आलेली मोठी खिडकी) असते आणि नेमका तिच्याखालीच रेडिएटर. उजेड हवा तिथेच खालून गरम कोरडी हवा. मी कुंडी खिडकीपासून हातभर अलीकडे, रेडिएटरच्या बाजूला, उंच स्टुलावर ठेवते आणि तो एक रेडिएटर सगळ्यांत खालच्या आकड्यावर. रात्री पडदा ओढताना झाड पडद्याच्या आत, खोलीच्या बाजूला राहिलं पाहिजे. काच आणि पडदा यांच्यामध्ये अडकलेली हवा जानेवारीत फार गार होते.

सर्वांत चांगलं तापमान १२ ते १६ अंश. न तापवलेली पण उजेडाची झोपायची खोली असेल तर तीच निवडा. गारव्यात झाड विसावतं, फुटत नाही, आणि थोड्या उजेडात ते त्याच्या हिताचं आहे. गरम खोलीत ते फुटत राहतं. ती फूट फिकी, लांब, मऊ, आणि मावा तिच्यावरच बसतो. १० अंशांखाली पानं गळायला लागतात. पाच अंशांजवळ फांद्यांनाच इजा होते.

पाणी किती दिवसांनी, हा प्रश्न विचारूच नका. वजन विचारा. पाणी घातल्यावर कुंडी उचलून (मोठी असेल तर एका बाजूने कलती करून) तिचा भार हाताला कळू द्या. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. माती कोरडी लागली आणि कुंडी हलकी झाली, की मगच पाणी, तेही कोमट. अर्ध्या तासाने खालच्या बशीतलं साचलेलं पाणी ओतून टाका. १२ ते १५ अंशांत माझ्या झाडाला डिसेंबरात साधारण दोन आठवड्यांनी एकदा पाणी लागतं. पानं पिवळी पडताहेत म्हणून जास्त पाणी, ही माझी पहिली चूक होती. पानं कमी झाली की पाण्याची गरजही कमी होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खत अजिबात नाही.

दिवा लावायचा असेल तर पांढऱ्या उजेडाचा, झाडांसाठीचा एलईडी, शेंड्यापासून २५-३० सेंटिमीटर वर, टायमरवर बारा तास. उत्तरेच्या घरात तो लावाच. दक्षिणेची खिडकी असेल तर खर्च करायची गरज नाही.

फेब्रुवारीत झाड काठ्यांचा जुडगा दिसायला लागलं तरी टाकून देऊ नका. नखाने फांदीची साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. तपकिरी असेल तर आणखी खाली, खोडाकडे खरवडत या. मे संपेपर्यंत थांबा. माझी एकदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात बुंध्याजवळून फुटली होती.

कीड

आत आणण्याआधी पानांची खालची बाजू बघा, एकेक. मावा, पांढरी माशी, लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण, हे चौघे ठरलेले. बाहेर असताना पाऊस, लेडीबर्ड, पक्षी त्यांना आवरतात; बंद खोलीत कोणी नसतं. झाड आडवं धरून बाथरूममध्ये कोमट पाण्याच्या फवाऱ्याने पानं खालून धुवा, मातीवर प्लास्टिकची पिशवी बांधून. मग बागेसाठी मिळणारा साबण फवारा, दर आठवड्याला, तीनदा. भांडी घासायचा साबण नको, पानं भाजतात. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टिपायचा.

पानांवर बारीक फिके ठिपके आणि देठाशी कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर तो लाल कोळी. त्याला कोरडी गरम हवा आवडते, म्हणून रेडिएटरजवळच्या झाडावर हमखास. काचघरात पांढरी माशी हाताबाहेर गेली तर एन्कार्सिया नावाची अगदी बारीक गांधीलमाशी विकत मिळते. ती पांढऱ्या माशीच्या पिलांत अंडी घालते. पण तिला १८ अंशांच्या आसपास ऊब लागते, म्हणून हा इलाज उन्हाळ्यातला.

फांदी लावून ठेवा

कोकणात आषाढात कुंपणाला फांदी खोचली की श्रावणात ती फुटलेली असते. इथे थोडी मदत करावी लागते, पण एकेरी लाल जास्वंद त्यातही समजूतदार आहे. जूनमध्ये शेवटची खुडणी कराल तेव्हा ज्या फांद्या खाली जरा लाकडी आणि वर हिरव्या आहेत त्या दहा-बारा सेंटिमीटरवर, पेराच्या लगेच खाली कापा. वरची दोन पानं ठेवा आणि तीही कात्रीने अर्धी करा, म्हणजे पाणी कमी उडेल. निम्मं पर्लाइट, निम्मं कंपोस्ट अशा ओलसर मिश्रणात खोचा, वर पारदर्शक पिशवी, थेट ऊन नाही. खालून २२ अंशांच्या आसपास ऊब मिळाली तर चार ते आठ आठवड्यांत मुळं धरतात. फ्रिजच्या वरची जागा कोमट असते, उजेड येत असेल तर तीही चालते. फांदी हलकेच ओढून पाहा. अडली तर रुजली.

दरवर्षी दोन फांद्या तरी लावते मी, मोठं झाड हिवाळ्यात दगावलंच तर हाताशी असावीत म्हणून. रुजलेली रोपं पहिल्या हिवाळ्यात नऊ सेंटिमीटरच्या कुंडीतच ठेवा, मोठ्या कुंडीत हलवू नका. कुणाला द्यायची असतील तर गणपतीत घरी आलेल्यांच्या हाती देऊ नका, कितीही मागितली तरी. नाव लिहून ठेवा आणि मेमध्ये बोलावून द्या, तोवर रोपाने तुमच्याकडे एक हिवाळा काढलेला असेल.